त्रिएस्ते : चार दिवसांत शहर संपलं, मग सुट्टी सुरू झाली

आरामखुर्ची (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.१२

त्रिएस्तेला जाऊन आलो म्हटलं की समोरचा विचारतो, "हे कुठे आलं?" इटलीचा बूट डोळ्यांसमोर आणा. बुटाची वरची कड उजवीकडे जिथे संपते तिथे, व्हेनिसहून रेल्वेने दोनेक तास पुढे, स्लोव्हेनियाच्या हद्दीला पाठ टेकून समुद्राकडे तोंड करून बसलेलं दोन लाख वस्तीचं शहर. 'दहा दिवसांत युरोप' वाल्यांच्या यादीत ते नसतं. आमच्याही नव्हतं.

गेलो ते सौ.मुळे. ती कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवते. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ साली त्रिएस्तेत सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं. गरीब देशांतल्या संशोधकांना देश कायमचा न सोडता जगाच्या संपर्कात राहता यावं, हा हेतू. आपल्याकडचे कितीतरी प्राध्यापक तिथे जाऊन आलेत. सौ.ला सप्टेंबरअखेरपासून तीन आठवड्यांचं बोलावणं आलं आणि बँकेतून व्हीआरएस घेतलेला मी तिच्यासोबत निघालो. व्हिसाच्या अर्जात 'प्रवासाचा हेतू' या रकान्याशी मी बराच वेळ अडलो होतो. बायकोच्या मागे पिशव्या धरून जाणे, असा पर्याय तिथे नाही.

आता खरं सांगतो. पहिले चार दिवस मी अगदी बँकेतल्यासारखे काढले. यादी केली आणि टिकमार्क करत सुटलो. पहिल्या दिवशी पिआझा उनिता, म्हणजे तीन बाजूंनी ऑस्ट्रियन थाटाच्या इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र असा भव्य चौक. दुसऱ्या दिवशी सान जुस्तोची टेकडी, तिथला किल्ला आणि दोन जुनी देवळं जोडून चौदाव्या शतकात एक केलेलं कॅथेड्रल. तिसऱ्या दिवशी मिरामारे. समुद्रात घुसलेल्या खडकावरचा हा पांढरा वाडा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा भाऊ माक्सिमिलियान याने १८५६ पासून बांधायला घेतला. नीट राहून व्हायच्या आत तो मेक्सिकोचा सम्राट व्हायला गेला आणि १८६७ साली तिथे गोळ्या घालून मारला गेला. चौथ्या दिवशी सान साब्बाची भातगिरणी. नाझींनी तिथे छळछावणी केली होती, माणसं जाळायची भट्टी होती. तिथून बाहेर आल्यावर कुठे जावंसं वाटेना. संध्याकाळी साडेपाचला चौकात बसून यादी काढली तर सगळ्या ओळींवर काट मारलेली. शहर संपलं होतं आणि सतरा दिवस शिल्लक होते. सौ. सकाळी साडेआठला जाणार ती सहाला येणार. मला अक्षरशः घाम फुटला.

पाचव्या दिवशी काही सुचेना म्हणून कॉफी प्यायला गेलो. तिथे कळलं की इथे कॉफी मागणं हा एक अभ्यासक्रम आहे. साधी कडक कॉफी हवी तर 'नेरो' म्हणायचं. थोडं फेसाळ दूध घातलेली हवी तर 'कापो'. तीच काचेच्या छोट्या पेल्यात हवी तर 'कापो इन बी', यातला बी म्हणजे बिक्येरे, पेला. कॅपुचिनो मागितलात तर चिमुकल्या कपात भलतंच काही येतं आणि तुम्ही परके आहात हे दुकानभर कळतं. शहर कॉफीवरच वाढलंय. सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१९ साली हे खुलं बंदर जाहीर केलं, ऑस्ट्रियाच्या साम्राज्याला लागणारी कॉफी इथे उतरू लागली. इल्ली या कॉफी कंपनीचा कारखानाही इथलाच, १९३३ चा.

मग मी ठरवलं की दिवसाला एक काम. एकच. त्याहून जास्त आलं तर उद्यावर. एक दिवस चपलेचा अंगठा शिवून घेणे. एक दिवस टपाल पेटीत पत्र टाकणे. एक दिवस केस कापणे (न्हाव्याने काय विचारलं ते कळलं नाही, मी सगळ्याला 'सी' म्हणालो, परिणाम सौ.ने पाहिला). काम अर्ध्या तासाचं, पण त्याच्या जाण्यायेण्यात शहर असं दिसतं की यादीत मावत नाही. चांभार शोधताना मी काव्हाना भागातल्या गल्ल्या चार वेळा फिरलो. न्हाव्याच्या दुकानाबाहेर रांगेत बसलो तेव्हा कळलं की म्हातारी माणसं आपसात इटालियन बोलत नाहीत, त्यांची त्रिएस्तिनी बोली वेगळीच आहे.

दुपारी काफे सान मार्को. १९१४ चं. संगमरवरी टेबलं, भिंतींवर मुखवट्यांची चित्रं, आतच पुस्तकांचं दुकान. एका कॉफीवर दोन तास बसलो, कोणी उठवलं नाही. कप उचलायलासुद्धा आले नाहीत. पुण्यात असं करून बघा.

चारनंतर सहा नंबरच्या बसने बारकोला. हा किनारा म्हणजे वाळू नाहीच, नुसता फूटपाथ आणि पलीकडे समुद्र. लोक त्या फूटपाथवर टॉवेल अंथरून पडतात, तिथूनच पाण्यात उड्या मारतात. ऑक्टोबरातही सत्तरीचे आजोबा पोहून येऊन पत्ते कुटत बसलेले. तिथे झाडांखाली एक बाक मी धरला. सातव्या दिवशी त्यातल्या एकाने मान हलवून नमस्कार केला, दहाव्या दिवशी मी बाकावर नव्हतो तर अकराव्या दिवशी त्याने हातवारे करून विचारलं, काल कुठे? मंडळी, एकतीस वर्षं शाखेत असताना रजेवरून आल्यावर असं कोणी विचारलं नव्हतं.

सूर्यास्ताबद्दल एक सांगायलाच हवं. इटलीचा हा पूर्वेकडचा समुद्र, म्हणजे सूर्य पाण्यातून उगवणार असं माझं गणित होतं. पण त्रिएस्ते खाडीच्या पूर्व काठावर आहे, तोंड पश्चिमेला. सूर्य चक्क समुद्रात बुडतो, हवा स्वच्छ असेल तर मागे आल्प्सची बर्फाची रेघ दिसते. गणपतीपुळ्यासारखा सूर्यास्त आणि वर बर्फ. शहरातून बघायचा तर मोलो आउदाचे या दगडी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचं. कठडा नाही, दुकान नाही. लोक जातात, टोकाला थोडं उभं राहतात, परत येतात. बस.

बाराव्या दिवशी बोरा आली. (वारा आहे, पण त्यांच्याकडे स्त्रीलिंगी.) मागच्या पठारावरून थंड कोरडी हवा समुद्राकडे कोसळते. हिवाळ्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत जातात, पूर्वी माणसांना धरायला रस्त्यांत दोर बांधायचे. आमची ती ऑक्टोबरातली, म्हणजे बोरेची धाकटी बहीण. तरी तिने माझे दोन बनियन आणि सौ.चा कुडता दोरीवरून उचलून समोरच्या गॅलरीत नेऊन टाकले. संध्याकाळी समोरच्या आजी तिन्ही कपडे घडी घालून घेऊन आल्या. सोबत सहा लाकडी चिमटे, आपल्या प्लास्टिकच्या चिमट्यांच्या दुप्पट. आमच्या खिडकीकडे बोट दाखवून बरंच बोलल्या. 'बोरा' सोडून एक शब्द कळला नाही. झापत होत्या एवढं कळलं.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो फारसे नाहीत, हे आधीच सांगतो.


बदलापूर_लोकल | शनिवार, रात्री १०.५०

पहिला! झकास लिहिलंय काका. न्हाव्याचा किस्सा वाचून हसलो. फोटो नाहीत म्हणता, निदान त्या कटिंगचा तरी टाका.


कात्रजचा_घाट | शनिवार, रात्री ११.२५

लेख आवडला, मुद्दा पटला नाही. माणशी नव्वद युरो नुसती व्हिसाची फी, त्यावर तिकीट, विमा, राहणं. एवढं करून फूटपाथवर बसायचं? बाक सारसबागेतही आहेत. आम्ही बारा दिवसांत पाच देश केले, आईवडिलांना घेऊन. आईला आयफेल टॉवर बघायचा होता, तिने तो बघितला, रडली. तिला मी "आई, चांभार शोधूया" म्हणालो असतो का? आणि तुमचं तर निम्मं केंद्राच्या पैशात झालं असणार.

(राग मानू नये. पेठी स्वभाव.)


मालवणी_खाजं | शनिवार, रात्री ११.३१

मासळीबद्दल एक अक्षर नाही??? समुद्रकाठी तीन आठवडे आणि कॉफी कॉफी काय करताय.


आरामखुर्ची | रविवार, सकाळी ८.०५

@कात्रजचा_घाट, राग कसला. हिशेब देतो. सौ.चं विमानभाडं आणि राहण्याचा भत्ता केंद्राचा. माझं तिकीट आणि घरभाड्यातला फरक आमच्या खिशातून. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून स्वस्त. घरमालकाने जाहिरातीत 'वरच्या मजल्यावरचा देखावा' लिहिलं होतं, पायऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. ९२ आहेत. मोजायला वेळ होता.

आईंचं अगदी मान्य. ज्यांना एकदाच जायला मिळणार त्यांनी आयफेल टॉवरच बघावा. पण सारसबागेच्या बाकाचं तसं नाही. तिथे बसलो की पाच मिनिटांत सोसायटीचा सेक्रेटरी दिसतो, टाकी धुण्याच्या वर्गणीचं निघतं. त्रिएस्तेत मी कोणाचा कोणी नव्हतो.

@मालवणी_खाजं, आम्ही दोघं शाकाहारी. गुन्हा कबूल.


ग्राझकर | रविवार, दुपारी १.४०

मी ऑस्ट्रियात ग्राझला असतो, गाडीने तिथून त्रिएस्ते साडेतीन तासांच्या आत. वर्षातून दोनतीनदा जाणं होतं. काकांनी एक मोठी गोष्ट सोडली आहे, ती म्हणजे ओस्मित्सा.

शहराच्या पाठीमागे चुनखडीचं पठार आहे, इटालियनमध्ये कार्सो, स्लोव्हेनियनमध्ये क्रास. भूगोलात आपण 'कार्स्ट भूरूपं' शिकलो ते नाव या पठारावरून पडलं. तिथल्या वस्तीत बहुतेक स्लोव्हेनियन भाषिक शेतकरी. दुसऱ्या जोसेफ सम्राटाने १७८४ साली हुकूम काढला की शेतकऱ्यांनी स्वतःच्या घरची वाइन आणि पदार्थ वर्षातून आठ दिवस घरीच विकायला हरकत नाही. स्लोव्हेनियनमध्ये आठ म्हणजे ओसेम, त्यावरून ओस्मित्सा. आता दिवस वाढलेत, पण रीत तीच. ज्याची पाळी असेल तो रस्त्यावर पानांची डहाळी टांगतो, खाली लाल बाण. बाणाच्या मागे जायचं, कोणाच्या तरी अंगणात पोचायचं. लाकडी बाकडी, घरचं हॅम, चीज, उकडलेली अंडी, पाव, आणि तेरानो नावाची आंबटसर लाल वाइन. मेनू नाही, घाई नाही. आज कोणाची उघडी आहे ते त्याच दिवशी बघायचं असतं, त्यामुळे आठवडाभर आधी 'प्लॅन' करणाऱ्याला ती सापडत नाही. (घाटसाहेब, तुमच्याकडे बघत नाहीये.)

@मालवणी_खाजं, मासळी आहे हो. 'सार्दोनी' म्हणतात ते छोटे मासे, बारकोलाचे विशेष प्रसिद्ध. पिठात घोळवून तळलेले. मांदेलीची आठवण येईल.

आणि फेब्रुवारीत जाऊ नका. मी एकदा गेलो, बोरेत कारचं दार उघडलं ते परत मिटवता येईना.


सांगलीची_हळद | रविवार, दुपारी ३.१५

किती छान लिहिलंय भाऊ. माझे प्रश्न जरा घरगुती आहेत. शाकाहारी माणसाने तिथे जेवायचं काय? गुडघे दुखतात, चढउतार किती? आणि अहोंना भाताशिवाय जमत नाही.


आरामखुर्ची | रविवार, सायंकाळी ५.२०

@सांगलीची_हळद ताई, सविस्तर सांगतो, कारण यात मी पीएचडी केली आहे.

तिथलं नावाजलेलं खाणं म्हणजे उकडलेलं डुकराचं मांस, वर किसलेलं तिखट मूळ. तिकडे बघायचंच नाही. 'योता' नावाचं राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं दाट सूप असतं, ऐकायला आपलं, पण त्यात बहुधा मांस पडतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. 'पातातेन तेचा' म्हणजे कांद्यावर परतून कुस्करलेला बटाटा. पहिल्या घासाला सौ. म्हणाली, "फोडणी विसरलेत." त्यातही कधी कधी मांसाचे तुकडे असतात, तेही विचारावं लागतं. आणि एक भारी प्रकार, बटाट्याच्या पारीत अख्खा आलुबुखारा भरून उकडलेले गोळे, वर तुपात परतलेला पावाचा चुरा, साखर, दालचिनी. हे गोड पक्वान्न ते जेवणाच्या सुरुवातीला खातात. आमच्या आजीला पटलं असतं, ती मोदक आधी वाढायची.

बाकी घरीच. तूरडाळ, गोडा मसाला, छोटा कुकर इथून नेला होता. तांदूळ कुठेही मिळतो, पण त्यांचा चिकट असतो, मऊ भात आवडत असेल तर अहो खूश होतील. कुकरच्या शिट्ट्यांना खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पहिल्या दिवशी वर धावत आले होते.

गुडघ्यांचं म्हणाल तर समुद्राकाठचा भाग सपाट आहे. चौक, कालवा, धक्का, बारकोला सगळं सपाटीवर. टेकडीवर बस जाते. तिकीट तंबाखूच्या दुकानात घ्यायचं आणि बसमधल्या यंत्रात छापून घ्यायचं, विसरलात तर दंड. फक्त घर घेताना मजला विचारून घ्या, माझ्यासारखं करू नका.


अबोली_गोवा | रविवार, रात्री ९.०२

ओस्मित्सावरून आमच्याकडचे जुने ताव्हेर्न आठवले. कोणाच्या घराच्या पुढच्या पडवीतच चार बाकडी, फेणी त्यांचीच.

त्रिएस्तेचं गोव्याशी आणखी एक नातं आहे. रिचर्ड बर्टन, मुंबईच्या फलटणीतला इंग्रज अधिकारी, १८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर गोव्यात फिरला आणि त्याने गोव्याची भरपूर टिंगल करून ठेवली. तोच पुढे १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारचा वकील (कॉन्सल) म्हणून त्रिएस्तेला गेला आणि १८९० मध्ये तिथेच वारला. अरबी रात्रींच्या गोष्टींचं त्याचं गाजलेलं भाषांतर तिथल्या मुक्कामातलं. वकिलातीत काम फार नसावं. म्हणजे सुशेगाद राहायला तो शेवटी गोव्यात नाही, त्रिएस्तेत शिकला!

मी स्वतः जुलैत गेले होते, मैत्रिणीबरोबर. आम्हाला लान्तेर्ना नावाचा स्नानघाट फार आवडला, लोक त्याला पेदोचिन म्हणतात. मधोमध भिंत, एका बाजूला बायका आणि मुलं, दुसऱ्या बाजूला पुरुष. शंभराहून जास्त वर्षं तसंच आहे. मी आधी नाक मुरडलं. आत गेल्यावर बघितलं, ऐंशीच्या आज्या बिनधास्त पडल्यात, कोणाला पोट आत ओढायचं नाही, गप्पा आणि डबे. भिंतीपलीकडून एक नवरा ओरडून किल्ली मागत होता. आम्ही एका दिवसासाठी गेलो आणि रोज गेलो.


बखरकार | सोमवार, सकाळी ११.१०

अवांतर थोडं, पण विषय निघालाच आहे तर.

त्रिएस्तेचं आपल्या मुंबईशी नातं होतं ते बोटींचं. ऑस्ट्रियन लॉइड ही तिथली बोटकंपनी. १८६९ मध्ये सुएझ उघडल्यावर तिच्या बोटी मुंबईला येऊ लागल्या. पास्कुआले रेव्होल्तेल्ला नावाचा त्रिएस्तेचा धनाढ्य व्यापारी सुएझ कंपनीचा उपाध्यक्ष होता, त्याचा वाडा आज संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीकडे गेलं आणि कंपनी 'लॉइड त्रिएस्तिनो' झाली. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये ब्रिंडिसीला ज्या 'पिल्स्ना' बोटीत चढले ती याच कंपनीची. चौकातला समुद्राकडचा भव्य वाडा या कंपनीचाच होता.

दुसरं महायुद्ध संपल्यावर हे शहर कोणाचं यावर भांडण झालं. १९४७ ते १९५४ त्रिएस्ते हा कागदोपत्री स्वतंत्र प्रदेश होता, शहराचा कारभार इंग्रज-अमेरिकन लष्कराकडे. पुढे युगोस्लाव्हियातून लोक गाड्या भरभरून इथे जीन्स घ्यायला यायचे, पोन्तेरोस्सोच्या बाजारात. म्हणजे त्यांचं उल्हासनगर. साम्राज्य गेलं, सीमा अंगाशी आली, मागचा मुलूख तुटला. एवढ्या थाटाच्या इमारती आणि त्यामानाने रिकामे रस्ते, हे काकांना जे निवांत वाटलं त्यामागे हा इतिहास आहे. मोठ्या घरात दोनच माणसं उरल्यासारखं.

जॉइसचा उल्लेख कसा राहिला? १९०५ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस तिथे इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरत होता. त्याचा एक विद्यार्थी, एत्तोरे श्मित्स, सासऱ्यांच्या कारखान्यात बोटींच्या तळाला लावायचा रंग विकायचा आणि चोरून कादंबऱ्या लिहायचा. तोच इतालो स्वेव्हो.


आरामखुर्ची | सोमवार, दुपारी १२.३०

@बखरकार, 'मोठ्या घरात दोनच माणसं', दंडवत घ्या. मला हेच म्हणायचं होतं, जमलं नव्हतं.

जॉइसचा पुतळा बघितला की. कालव्यावरच्या पुलावर टोपी घालून चालत निघालाय, चबुतरा नाही, आपल्या उंचीचा. मी त्याच्या शेजारून रोज भाजीला जायचो.


फुलपाखरू_०७ | सोमवार, दुपारी ४.४५

मला तर हे सगळं डिप्रेसिंग वाटलं थोडं, सॉरी. एकटा माणूस, बाक, कॉफी. काकू दिवसभर कामाला. तुम्हाला कंटाळा नाही आला का खरंच? खरं सांगा.


आरामखुर्ची | सोमवार, रात्री ९.३५

आला ना. आठव्या-नवव्या दिवशी असा आला की चारशे पानी बँकिंगचं मासिकही वाचलं असतं. त्या दिवशी पाऊस होता, सौ. रात्री आठला आली, मी चिडून बसलो होतो. तिने विचारलं काय केलंस दिवसभर, मी म्हणालो, "वाट बघितली." ती म्हणाली, "मी तीस वर्षं बघितली, मार्चएंडला." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी सान जोव्हान्नीच्या बागेत गेलो. चढावरचा मोठा बगीचा, गुलाबांचे वाफेच वाफे. पूर्वी ते वेड्यांचं इस्पितळ होतं. १९७१ साली फ्रांको बाझालिया हे डॉक्टर तिथे प्रमुख झाले आणि त्यांनी दारं उघडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये रुग्ण आणि कलाकारांनी मिळून निळा घोडा केला, कागदाच्या लगद्याचा, एवढा मोठा की दारातून बाहेर निघेना. मग दारच फोडलं आणि सगळे घोड्यामागून शहरात गेले. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, इटलीने अशी इस्पितळं बंद करण्याचा कायदा केला. आज तिथल्या इमारतींत कचेऱ्या आहेत, विद्यापीठाचे विभाग आहेत, उपाहारगृह आहे. मी दोन तास गुलाबांच्या पाट्या वाचत फिरलो. ही जागा माझ्या पहिल्या यादीत नव्हती. यादी चांगली चार पानी होती बरं का.


कात्रजचा_घाट | मंगळवार, सकाळी १०.००

निळ्या घोड्याचं माहीत नव्हतं. छान. पण बघा, हे तुम्ही जाऊन 'बघितलंच' ना? म्हणजे प्रेक्षणीय स्थळच झालं. फक्त उशिरा.


ग्राझकर | मंगळवार, सकाळी १०.२०

घाटसाहेबांना एक गुण. :)

तसं त्रिएस्ते आता अगदी अनोळखी राहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये इटलीच्या सरकारने मोठ्या बोटींना व्हेनिसच्या कालव्यात यायला बंदी केली, त्यातल्या बऱ्याच क्रूझ इकडे वळल्या. क्रूझ लागली की चौकाजवळ समुद्राऐवजी दहा मजली भिंत दिसते आणि हजारो माणसं एकदम उतरतात. बोट कधी आहे ते बघून त्या दिवशी पठारावर जायचं. ओबेलिस्क या उंच दगडी स्तंभापासून प्रोसेक्को गावापर्यंत 'नापोलिओनिका' नावाची सपाट पायवाट आहे, खाली पूर्ण खाडी दिसते. हो, वाइनचं प्रोसेक्को ते याच गावाच्या नावावरून. वर जायला १९०२ ची जुनी ट्राम आहे, चढावर दोरखंडाने ओढला जाणारा डबा तिला मागून ढकलतो. २०१६ च्या अपघातानंतर बंद होती ती २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, पण निघण्याआधी चौकशी करा.

तिथल्या लोकांचं एक ब्रीदवाक्य आहे, "नो से पोल." म्हणजे "नाही जमायचं." कचेरीत, दुकानात, सगळीकडे. पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल.


बदलापूर_लोकल | मंगळवार, रात्री ८.४०

हे सगळं रिटायर्ड किंवा तिकडेच राहणाऱ्यांचं झालं. मला वर्षाला सलग दहा दिवस सुट्टी मिळते, तीही साहेबाचा मूड असेल तर. बायकोला स्वित्झर्लंड हवंय. मी एका गावात दहा दिवस राहू म्हणालो तर ती माहेरी जाईल, ते पण एकच गाव आहे म्हणून.


अबोली_गोवा | मंगळवार, रात्री ९.१५

@बदलापूर_लोकल, आमची होती फक्त सहा दिवसांची. तीन दिवस हिंडलो, तीन दिवस पेदोचिन. बायकोला स्वित्झर्लंडला न्या, पण शेवटचे तीन दिवस काही बुक करू नका. काय होतं ते बघा. भांडण झालं तर इथे येऊन सांगा.


आरामखुर्ची | मंगळवार, रात्री १०.०५

सहमत. तीन आठवडे हवेत असं नाही. आणि सौ.लाही मोकळा असा एकच शनिवार मिळाला. तिला विचारलं कुठे जायचं, तर म्हणाली ग्रोत्ता जिगांते. पठाराखाली भलीमोठी गुहा आहे, मुख्य दालनच शंभरेक मीटर उंच, पाचशेच्या आसपास पायऱ्या. लोक लवणस्तंभांचे फोटो काढत होते. ही मात्र छतापासून तळापर्यंत गेलेल्या दोन उभ्या नळ्यांपुढे उभी. त्यात शंभरेक मीटरचे लोलक आहेत. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही किंचित येते, ती त्यावर मोजतात. तिने मला समजावून सांगितलं, मला निम्मं कळलं. गटाबरोबरचा वाटाड्या पुढे निघून गेला, आम्ही तिथेच. तीस वर्षांत तिने मला तिच्या विषयातलं काही समजावलं नव्हतं, म्हणजे मीच कधी थांबलो नव्हतो.

शेवटच्या रविवारी बार्कोलाना होती, ऑक्टोबरचा दुसरा रविवार, शिडाच्या बोटींची शर्यत. २०१८ मध्ये २,६८९ बोटी उतरल्या होत्या म्हणे. माझ्या बाकावर त्या दिवशी सात माणसं बसली होती. पत्तेवाल्या आजोबांनी मला बघून दोघांना सरकायला लावलं.


सांगलीची_हळद | बुधवार, सकाळी ७.३०

ते चिमटे परत दिलेत का आजींना?


आरामखुर्ची | बुधवार, सकाळी ९.१०

द्यायला गेलो होतो ताई, निघायच्या आदल्या दिवशी. सौ.ने सोबत कोल्हापुरी चटणीची बाटली दिली. आजींनी चटणी ठेवून घेतली आणि चिमटे परत माझ्याच हातात कोंबले, पुन्हा काहीतरी झापलं. आता ते कोल्हापुरात आमच्या गच्चीत आहेत. चादरी वाळत घालायला फार उपयोगी.


मालवणी_खाजं | बुधवार, सकाळी ९.४४

बाकाचा पत्ता द्या. मासे खाऊन तिथे जाऊन बसतो.


आरामखुर्ची | बुधवार, सकाळी ९.५८

स्टेशनवरून सहा नंबरची बस. बारकोलात झाडांची रांग सुरू झाली की उतरायचं. समुद्राकडे तोंड केलं की पुढे अर्धगोल काँक्रीटचे ओटे लागतात, वरून मिकी माऊसच्या कानांसारखे दिसतात म्हणून त्यांना 'तोपोलिनी' म्हणतात. पहिल्या ओट्याच्या अलीकडे नळ आहे, नळासमोरचा बाक. उजवं टोक पत्तेवाल्यांचं आहे, तिथे बसू नका. डावीकडे बसा.